आठवत नाही, असं मी लिहून दिलं

मानकापूर, नागपूर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

सुरुची,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की एकच टिक दिसते, म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस, हे तुझ्या भावाने, पियुषने समजावून सांगितलं. म्हणून कागद घेतला. तुझी मैत्रीण हिमानी उद्या नागपुरात सदरला तिच्या ऑफिसात येईल, तिच्या हाती देते. फाडायचं असेल तर वाचून फाड. छत्तीस वर्षं कोर्टात स्टेनोग्राफर होते, निदान अक्षर तरी लागेल.

तुझा राग मी समितीला दिलेल्या उत्तराचा आहे, हे मला कळतं. मी सगळं क्रमाने लिहिते, मला तीच सवय आहे. ऑगस्टमध्ये तू बुटीबोरीच्या तुमच्या गिरणीतल्या तक्रार समितीकडे वामनरावांविरुद्ध अर्ज दिलास. त्यात लिहिलंस की अकरा जूनला त्यांनी लॅबमध्ये तुझ्याशी जे केलं, ते तू त्याच संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं. समितीने मला पत्राने विचारलं. मी लिहून दिलं, ‘अशा आशयाचे बोलणे झाल्याचे मला आठवत नाही.’

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा टाइप केलं असेल, मोजदाद नाही. ‘हो’ म्हटलं की माणूस अडकतो, ‘नाही’ म्हटलं आणि पुरावा निघाला की खोटा पडतो. ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्याला कोणी काही करू शकत नाही. मला वाटलं, मी हुशारी केली.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, ते सांग. खापरखेड्याच्या कॉलनीत वामनराव आपल्या शेजारी होते. तुझे बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले तेच पुढे आले. गिरणीत मॅनेजर झाल्यावर तुला तिथे लावलं त्यांनी, पियुषला मेंटेनन्समध्ये घेतलं त्यांनी. पियुष एक ऑगस्टला पर्मनंट झाला. घरातली चूल पेटती ठेवायची तर एखादा चटका सोसावा लागतो, असं मी धरून चालले होते. चटका तुला बसत होता, हे खरं.

समितीने मला पुन्हा बोलावलं आहे, या वेळी समक्ष. सत्तावीस ऑक्टोबर, सकाळी अकरा. वामनरावांचं म्हणणं असं की सतरा जूनला तुला लॅबमधून रद्दी कापसाच्या गोदामात टाकलं, त्याचा सूड म्हणून तू दोन महिन्यांनी हे रचलंस. बदलीच्या आधी तू कोणाजवळ एक शब्द काढला होतास, असं दिसलं तर त्यांचं म्हणणं टिकत नाही. तो शब्द ऐकणारी मी एकटी.

तिथे काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तुझी गोधडी इथेच राहिली आहे, थंडी पडायच्या आत घेऊन जा.

आई


शनिवार, ११ ऑक्टोबर

सुरुची,

हिमानी म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि काही बोलली नाहीस. ठीक आहे.

आज एक गोष्ट सांगते, ती मी पियुषलाही सांगितलेली नाही. तू लहानपणी मला चिडवायचीस, आई भाजीवाल्याचं बोलणंसुद्धा शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते. फोनजवळ पॅड आणि पेन्सिल अजून असते. विजेच्या ऑफिसातला माणूस बोलतो तेही मी उतरवते, तुझ्या मावशीची रडगाणीही. कान ऐकतो आणि हात चालतो, मधे मी नसतेच.

अकरा जूनला सात वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. चौदा मिनिटं तू बोललीस. फोन ठेवल्यावर बघते तर पॅडची साडेतीन पानं भरलेली, वर तारीख आणि वेळ टाकलेली. आमच्यात पद्धत अशी की मजकूर टाइप झाला की त्या पानावर उभी रेघ मारायची, म्हणजे काम झालं. ती पानं मी टाइप केली नाहीत आणि त्यांच्यावर रेघही मारली नाही. पॅड देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिलं, वर आरतीची पुस्तकं ठेवली.

म्हणजे मला आठवत नव्हतं, असं नाही. मला शब्दन्‌शब्द ठाऊक होता. तुझी आई खोटं बोलली, सुरुची.

काल ती पानं काढून वाचली. तू म्हणतेस, सगळ्या पोरी बसकडे गेल्या होत्या, मी यार्नचे नमुने ठेवत होते. काकांनी दार लावलं. मागून धरलं. तोंडावर हात नव्हता पण माझा आवाज निघत नव्हता आई. त्यांचा फोन वाजला म्हणून त्यांनी सोडलं. जाताना म्हणाले, घरचीच आहेस तू.

याच्या खाली माझा प्रश्न आहे. स्वतःचा प्रश्नही मी उतरवून घेतला होता. लेकीचं हे ऐकून आईने पहिलं काय विचारावं? ‘तुला लागलं का?’ असं विचारावं, ‘आता कुठे आहेस, मी येते’ असं म्हणावं. मी विचारलं, ‘तू ओरडलीस का नाही?’

यापुढे पॅडवर बराच वेळ काही नाही, फक्त ठिपके आहेत. बोलणारा थांबला की आम्ही ठिपके देतो. नंतर मी म्हणते आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता कोणाजवळ बोलू नकोस.

ते वाचून मला रडू आलं. चार महिन्यांनी आलं, तेव्हा आलं नव्हतं.

आई


गुरुवार, १६ ऑक्टोबर

सुरुची,

तो प्रश्न माझ्या तोंडात कुठून आला, याचा शोध घेत होते. तो माझा नव्हताच. तो मी हजारदा टाइप केला होता.

तू चालायला लागली होतीस, त्या साली माझी बदली एका जिल्ह्याच्या गावी झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे कौसल्या नावाच्या बाईचा खटला उभा राहिला. धान्याच्या गोदामात झाडलोट करायची, तिथल्याच मुकादमाने तिच्यावर हात टाकला होता. ती गावकुसाबाहेरची आणि तो गावातल्या बड्या घरचा. साक्ष द्यायला ती दोन तास बाकावर बसून होती, कारण आतल्या खुर्चीवर बसायला तिला कोणी सांगितलं नाही.

कोर्टात साक्ष कशी लिहितात ते तुला माहीत नसेल. साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे उतरत नाहीत. वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, आणि न्यायाधीश दोन्हींचं मिळून एक वाक्य करून सांगतात. ते आम्ही टाइप करतो. ‘हे म्हणणे खरे आहे की’ किंवा ‘हे म्हणणे खरे नाही की’ अशी सुरुवात असते. आरोपीच्या वकिलाने विचारलं, तू आरडाओरड केली नाहीस, तुझी हरकत नव्हती, खरं ना? कौसल्या गप्प राहिली. मान खाली नाही, वर नाही. वकिलाने पुन्हा विचारलं, ती पुन्हा गप्प. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, लिहा, ‘हे म्हणणे खरे आहे की मी आरडाओरड केली नाही व माझी हरकत नव्हती.’

मी लिहिलं. ती काहीच बोलली नव्हती, हे मी पाच हातांवरून बघत होते, आणि मी लिहिलं. तिने खाली अंगठा दिला. माणूस सुटला, आणि निकालात ते वाक्य दोनदा आलं. निकालही मीच टाइप केला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून पंचवीस-तीस बायका आल्या. फाटकाबाहेर उन्हात बसल्या, हातात पुठ्ठ्याचे फलक होते. आम्ही टायपिंगच्या खोलीतून बघून हसलो, यांना घरी स्वयंपाक नाही का म्हणून. मधल्या सुट्टीत त्यांच्यातली एक बाई आत आली, माझ्याच वयाची. म्हणाली, ‘कौसल्या म्हणते, मी त्या प्रश्नाले बोललीच नाही. तुम्ही तिथं होता ताई. अपिलासाठी एवढं लिहून द्याल का?’ मी म्हणाले, मला आठवत नाही.

हो, तेव्हाही हेच म्हणाले होते.

अशा बायका उन्हात बसल्या म्हणून कायदे हलले, हे मी नंतर माझ्याच टेबलावर बघितलं. आपल्या विदर्भातल्याच एका आदिवासी मुलीच्या खटल्यावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि त्र्याऐंशी साली पहिला बदल झाला, तो कौसल्याच्या खटल्याच्या आधीचा. पुढे बाईच्या चालचलणुकीवरून तिला खोटी ठरवायची सोय काढून टाकली. दोन हजार तेरामध्ये तर स्पष्टच लिहिलं की बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही. तुमची गिरणीतली समितीसुद्धा त्याच सालच्या कायद्याची. ती परिपत्रकं माझ्या हातून गेली. मी त्यांच्या प्रती काढल्या, फाइली लावल्या, साहेबांना नेऊन दिल्या. कायदा बदलला, आणि मी मात्र सुंभ जळला तरी पीळ जात नाही तशी राहिले. बारा वर्षांनी माझ्या मुलीने फोन केला तर मी आरोपीच्या वकिलाचा प्रश्न विचारला.

पियुषला आज पॅडबद्दल सांगितलं. तो जेवता जेवता उठून गेला.

समितीत बाहेरची सदस्य म्हणून इंदुताई आहेत, असं पत्रावर लिहिलं आहे. कौसल्यासाठी आत येऊन माझ्याकडे लिहून मागणारी बाई तीच, नाव तेव्हाच कळलं होतं. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

आई


बुधवार, २२ ऑक्टोबर
पाडवा

सुरुची,

तू दिवाळीला आली नाहीस. पियुष आकाशकंदील लावायला तयार नव्हता, मीच स्टुलावर चढून लावला. पडले नाही.

आज दुपारी वामनराव मिठाईचा डबा घेऊन आले. नेहमीसारखे चप्पल बाहेर काढून, बाबांच्या फोटोला नमस्कार करून बसले. तब्येतीची चौकशी केली. पियुषला म्हणाले, मन लावून काम कर गा, पुढच्या वर्षी सुपरवायझर करून टाकू. मग मला म्हणाले, ‘वहिनी, सत्तावीसले काय सांगाचं ते मी तुम्हाले शिकवाव का? तुम्ही तर कोर्टातल्या. लिहून दिलं तेच सांगा. पोरगी लहान आहे, डोकं फिरलं तिचं. आपण मोठ्यांनी सांभाळून घ्याचं.’

मी चहा दिला. ते गेल्यावर डबा मी उघडला नाही, पण फेकलाही नाही. तो ओट्यावरच आहे. माझं असंच आहे.

आता जे लिहिणार आहे ते मी आधीच्या तिन्ही पत्रांत टाळलं. पहिल्या पत्रात तर ‘काय बोलायचं ते ठरवलेलं नाही’ असं साळसूदपणे लिहिलं. सत्तावीसला मी हे बोलले तर तुला माझ्या जबानीची प्रत मिळेल. ते तिथे पहिल्यांदा वाचायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून आज लिहिते.

चौदा जूनला, शनिवारी, तुझ्या फोनच्या तिसऱ्या दिवशी, मी वामनरावांना फोन केला. भांडायला नाही. मी म्हणाले, सुरुचीने मला सांगितलं, तिचं मनावर घेऊ नका, ती कुठे बोलणार नाही, मी तिला समजावलं आहे, पियुषचं तेवढं बघा. ते म्हणाले, ‘बरं झालं वहिनी, तुम्ही सांगितलं.’

मंगळवारी तुला गोदामात टाकलं.

तू मला विचारलं होतंस, आई, त्यांना कसं कळलं असेल गं मी बोलले म्हणून? मी म्हणाले होते, अशा माणसांना कळतंच. त्यांना मी सांगितलं होतं. त्या गोदामातल्या धुळीने तुला खोकला लागला, तुला लोक टाळू लागले, लॅबमधलं तुझं शिकणं थांबलं, ते सगळं माझ्या एका फोनने झालं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून मी स्वतःला समजावत होते, पण दात माझे होते आणि ओठ तुझे.

विचित्र गोष्ट अशी की तुझ्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा तोच फोन आहे. पॅडबद्दल ते म्हणतील, घरातली बाई आहे, आज बसून लिहिलं असेल. पण चौदा तारखेचा फोन त्यांच्याही मोबाइलमध्ये आहे, माझ्याही. बदलीच्या तीन दिवस आधी त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्यातून निघतं. फक्त काय बोलले ते मला सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की तू मला परत आई म्हणशील का, हे मला माहीत नाही. मला त्याची फार भीती वाटते. समितीची वाटत नाही, वामनरावांचीही नाही.

मी सांगणार आहे.

आई


मंगळवार, २८ ऑक्टोबर

सुरुची,

काल तू बाहेरच्या खोलीत हिमानीबरोबर बसली होतीस. मी तुझ्यासमोरून गेले आणि तू वर बघितलं नाहीस. मीही थांबले नाही, साक्षीदाराने थांबायचं नसतं.

आत चौघं होते. अध्यक्ष कामिनी मॅडम, तुमच्या अकाउंट्सच्या. दोन सदस्य, आणि कोपऱ्यात इंदुताई, केस पांढरे झालेल्या. लॅपटॉपवर करिष्मा नावाची मुलगी टाइप करायला. वामनरावांना समोर बसवलं नव्हतं, त्यांचे प्रश्न कागदावर आले होते.

मी पॅड पुढे ठेवलं आणि वाचून दाखवलं. माझा प्रश्नही वाचला. कामिनी मॅडम म्हणाल्या, हा भाग गरजेचा नाही, सोडला तरी चालेल. मी म्हणाले, राहू द्या, तो माझ्या जबानीचा भाग आहे.

मग वामनरावांचा लेखी प्रश्न आला, ‘सप्टेंबरमध्ये आठवत नव्हतं, तर आता कसं आठवलं?’ मी सांगितलं, तेव्हाही आठवत होतं. मी खोटं लिहून दिलं होतं. का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा चौदा जूनचा फोन सांगितला, जसा झाला तसा. मोबाइल काढून नोंद दाखवली. इंदुताईंनी चष्मा काढून पुसला.

कामिनी मॅडम चांगल्या आहेत गं. त्यांना माझी कीव आली. त्यांनी करिष्माला सांगितलं, ‘साक्षीदाराने भीतीपोटी व गैरसमजातून सदर फोन केला.’ मुलीने टाइप केलं. सही करायच्या आधी मी वाचायला मागितलं आणि म्हणाले, हे मी बोलले नाही. मॅडम म्हणाल्या, अर्थ तोच आहे ना काकू. मी म्हणाले, नाही. गैरसमज कोणताच नव्हता. मुलगी खरं बोलते आहे हे मला माहीत होतं आणि मुलाच्या नोकरीसाठी मी तिला गप्प केलं. असं लिहा.

मॅडमनी इंदुताईंकडे बघितलं. इंदुताई करिष्माला एवढंच म्हणाल्या, ‘बाई जे बोलल्या ते लिही वं.’ तिने खोडून पुन्हा लिहिलं. मी प्रत्येक पानावर सही केली.

निघताना इंदुताईंना कौसल्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, अपील टिकलं नाही, पुढे ती गाव सोडून गेली, पाच वर्षांपूर्वी वारली. मी हात जोडले. त्यांनी ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पियुष माझ्याशी बोलत नाही. परवा एकदाच बोलला, ‘आई, तू माह्यासाठी केलं म्हणते, मले काहून नाही विचारलं? मी पंक्चर काढले असते.’ तो राजीनामा लिहून बसला आहे. तुला विचारल्याशिवाय देऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं आहे.

आई


बुटीबोरी
१९ नोव्हेंबर

आई,

तुझी पाचही पत्रं मिळाली. जबानीची प्रतही मिळाली.

तक्रार सिद्ध झाल्याचा अहवाल काल आला. तुझ्या फोनचा उल्लेख त्यात तीन ठिकाणी आहे. तो नसता तर अहवाल वेगळा आला असता, असं इंदुताई म्हणाल्या.

चार महिने मी गोदामात बसून एकेका माणसाचं नाव घेत होते, त्या दिवशी माझं फोनवरचं बोलणं कोणी ऐकून सांगितलं असेल म्हणून. हिमानीवरसुद्धा संशय घेतला आणि तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. तुझं नाव एकदाही मनात आलं नाही. तुझं चौथं पत्र वाचून मी हिमानीची माफी मागितली. मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करेन असंही लिहीत नाही, कारण मला माहीत नाही.

पियुषला सांग, राजीनामा द्यायचा नाही. त्याने काही केलेलं नाही.

वामनकाकांवर कारवाई करायला कंपनीला साठ दिवस आहेत. दुसऱ्या युनिटला बदली करून मिटवतील, असं सगळे म्हणतात. तिथेही मुली आहेत. म्हणून मी सोमवारी इंदुताईंबरोबर पोलिसांत जाते आहे. पुढे खटला चालेल आणि तो नागपूरच्या कोर्टात चालेल, जिथून तू रिटायर झालीस. तुझे साहेब, तुझ्या मैत्रिणी, शिपाई, सगळे असतील. त्यांचा वकील तुला ‘मुलगी विकणारी आई’ म्हणेल, आणि त्याच्याकडे तुझ्याच सहीचा कागद असेल. वर्षं लागतील. दर तारखेला तुला ते पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी आई म्हणून बोलावत नाही. साक्षीदार म्हणून विचारते. येशील का? हो किंवा नाही, एवढंच कळव. कारणं लिहू नकोस.

सुरुची


मानकापूर, नागपूर
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सुरुची,

हो.

तारीख कळव.

अरुंधती